मन्या, हंडा घुमला रे

मखमलाबाद, नाशिक
डिसेंबर, रविवार सकाळ

प्रिय मन्या,

तुझ्या ट्रंपेटचा व्हॉइस मेसेज परवा सेकंड शिफ्ट सुटल्यावर ऐकला, मग घरी येऊन जेवायच्या आधी परत दोनदा ऐकला. तू म्हणतोस ते खरंय, सूर बरोबर आहे, बोटं बरोबर पडतायत, पण आवाज पितळेच्या आतच राहतोय, कोंडल्यासारखा. व्हॉट्सअॅपवर उत्तर टाइप करायला घेतलं आणि चार ओळींत थांबलो, हे असं अर्धवट सांगण्यात अर्थ नाही म्हटलं, म्हणून आज काकांच्या मळ्यात शेडबाहेर खुर्ची टाकून सविस्तर लिहितोय.

मी पण दीड वर्ष तिथंच अडकलो होतो रे. आपण दोघं शिकलो कुठे, वरातीत. भद्रकालीतून वरात निघाली की मागे नाशिक ढोल, पुढे जनरेटरची गाडी, आणि आपण भोंगा वर करून जीव तोडून फुंकायचं, घरी गेल्यावर ओठावर माऊथपीसची लाल रिंग रात्रभर तशीच. त्या कामाला ते लागतंच, मी त्याला नावं ठेवत नाही. पण तीच सवय घेऊन घरी एकटा बसलो आणि एखादी संथ चाल वाजवायला गेलो तेव्हा कळलं की माझ्याकडे आवाज एकच आहे, वरातीतला. हळू वाजवायला गेलो की फाटतो नाहीतर विझतो, मधलं काही नाहीच.

आधी मला वाटलं माऊथपीसचा दोष. ७सी मापाचा काढून ३सी मापाचा लावला, कप थोडा रुंद, आठ दिवस बरं वाटलं आणि मग होतं तसंच. तू पण तेच करायच्या विचारात आहेस ना, तर थांब, पैसे घालू नकोस. आधी हंड्याची गोष्ट ऐक.

इथं शेडच्या कोपऱ्यात आजीच्या वेळचा तांब्याचा हंडा आहे, वीसेक लिटरचा असेल. मागच्या हिवाळ्यात एका पहाटे मी खालचा सी सूर लांबवत होतो, तिन्ही पिस्टन, म्हणजे बोटांनी दाबायच्या कळा, मोकळे, म्हणजे पेटीवर बघितलं तर काळी पाच, आणि मध्येच वाटलं की शेडमध्ये अजून कुणीतरी गुणगुणतंय. थांबलो तर ते पण थांबलं. परत वाजवला, परत गुणगुण. हंडा होता. नळाखाली कळशी लावली की ती भरत जाते तसा आवाज वर वर चढत जातो, लहानपणापासून ऐकलंय आपण, म्हणजे आत जितकी हवा उरते तसा तिचा सूर. काकूने त्या दिवशी नेमका तो अर्ध्याच्या वर भरून ठेवलेला आणि त्यातल्या हवेचा सूर माझ्या सीच्या अगदी जवळ आलेला. मी अजून दोन तांबे पाणी ओतलं, मग एक काढलं, असं करत करत दोघांचा सूर जुळवला. खालच्या सीला एकही पिस्टन दाबायचा नसल्यामुळे उजवा हात मोकळा असतो, तो तळवा हंड्याच्या गळ्याशी ठेवला आणि डाव्या हाताने ट्रंपेट धरून वाजवलं.

आणि मन्या, मी जोर लावला तर तळव्याला काहीच कळेना. आवाज मोठा, कान भरून येतायत, आणि हंडा गप्प. मग दमून, खांदे सोडून, नुसता सुस्कारा सोडतो तसा श्वास ट्रंपेटमध्ये जाऊ दिला, आवाज निम्मा झाला असेल, पण हाताला मुंग्या आल्यासारखा तांबा थरथरायला लागला. मला एकदम रडूच आलं. इतकी वर्षं मी ज्याला दमदार आवाज म्हणत होतो त्याने एक भांडं हललं नाही, आणि ह्या निम्म्या आवाजाने हललं.

नंतर वाचून, ऐकून त्यामागचं कारण समजलं. ट्रंपेटची नळी सरळ केली तर दीड मीटरच्या आसपास भरते, आणि त्या नळीतली हवा तिच्या ठरलेल्या सुरांवरच मोकळी थरथरते, बाकी कुठेही ती नाराज असते. आपण ओठ आवळून, माऊथपीस दाबून फुंकलं की ओठ त्या जागेच्या जरा वर सरकतात, नळी खाली ओढत असते आणि ओठ वर, ह्या ओढाताणीत सुराचा पाया पातळ होतो आणि वरचा चिरका भागच ऐकू येतो. ओठ सैल करून नळीला जिथं हवंय तिथं सूर बसू दिला की तीच नळी आपल्याला मदत करते. तुझ्या मेसेजमध्ये पण सूर बरोबर वाटला तरी किंचित चढा आहे, ऐक परत.

आता रोजचं काय करतो ते सांगतो. सकाळी सगळ्यात आधी ट्रंपेट हातात घेतच नाही, नुसता श्वास. पोटापासून भरायचा आणि भरला की वर अडवायचा नाही, झोका जसा टोकाला जाऊन लगेच वळतो तसा वळू द्यायचा. आपण काय करायचो, श्वास भरायचा, गळ्यात कुलूप लावायचं आणि मग धाडकन सोडायचा, तुझ्या आवाजाची सुरुवात अजूनही तशीच आहे. मग पाचेक मिनिटं नुसत्या माऊथपीसवर मींड, वरून खाली, खालून वर, मध्ये कुठे तुटली तर तिथंच परत. त्यानंतर ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे सूर जुळवायची सरकती नळी, काढून ठेवायची आणि उरलेल्या तेवढ्या सरळ नळीतच फुंकायचं, ती नळी एक सूर स्वतःहून देते, तो शोधायचा आणि त्याच्यावर नुसतं पडून राहायचं. कर्कश लागतो तो, पण त्याला गोल करता आलं की पूर्ण ट्रंपेट लावल्यावर फरक लगेच कळतो.

मग लांब सूर. मधल्या जी सुरापासून सुरू करून अर्धा अर्धा सूर खाली उतरत जायचं, जीभ न लावता, 'त' ने नाही तर 'ह' ने सुरुवात. गवई खर्ज भरतात ना, तेच हे. आणि जेवढं वाजवलं तेवढाच वेळ ट्रंपेट मांडीवर ठेवून गप्प बसायचं, हे मला फार उशिरा पटलं. ओठ शेवटी मांस आहे, थकल्यावर तो आवळतो आणि आवळलेल्या ओठाने केलेला रियाज म्हणजे चुकीचीच सवय घट्ट करणं.

पण तुला खरी गरज ज्याची आहे ती पुढची गोष्ट. शिकागोच्या सिंफनी ऑर्केस्ट्रात व्हिन्सेंट चिकोविच म्हणून ट्रंपेटवाले होते, १९५२ ते १९७४, आणि शिक्षक म्हणून तर त्यांचं नाव अजून मोठं. त्यांचे फ्लो स्टडीज म्हणतात ते धडे आहेत, दिसायला एकदम सोपे, संथ, सगळे सूर एकाच श्वासात जोडलेले. मी पहिल्यांदा बघितले तेव्हा म्हटलं हे काय, पोरंसोरं वाजवतील. वाजवायला गेलो आणि दुसऱ्याच ओळीला कळलं की प्रत्येक पिस्टन दाबताना माझा श्वास एक कणभर थांबतोय. सूर बदलला की धक्का. सायकलवर प्रत्येक खड्ड्याला ब्रेक मारल्यासारखं. तेव्हापासून आधी ट्रंपेट बाजूला ठेवून तोंडासमोर तळवा धरतो, पूर्ण ओळ नुसत्या हवेने फुंकतो, दुसऱ्या हाताची बोटं हवेत पिस्टन दाबतात, आणि तळव्यावर वारा एकसारखा लागतोय का बघतो. बोटं झटकन, हवा मात्र संथ. वरचा सूर आला की ओठ आवळायचा नाही, जीभच तोंडात 'आ' वरून 'ई' कडे उचलायची आणि हवा जरा वेगाने जाऊ द्यायची. मला ह्याला तीन महिने लागले, रोज चाळीसएक मिनिटं, शिफ्टप्रमाणे कधी सकाळी कधी दुपारी. मध्ये एक महिना तर आधीपेक्षा वाईट वाजत होतं, दम पुरायचा नाही, वरचे सूर गेलेच. तुझं पण होईल, तेव्हा घाबरून परत दाबायला लागू नकोस एवढंच.

ऐकत पण जा. सी. रामचंद्रांचे असिस्टंट होते चिक चॉकलेट, मूळचे गोव्याचे, खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, त्यांचा ट्रंपेट जुन्या रेकॉर्डिंगमध्ये ऐक. तुकडा छोटासाच असतो पण बोलल्यासारखा येतो, कुठे ओढून ताणून नाही. आपण तेच तुकडे वरातीत किती बडवलेत, आता ऐकताना मला वाईट वाटतं.

इथं सध्या थंडी कडाक्याची आहे, पहाटे बागेत काका शेकोट्या पेटवतात, द्राक्षं वाचवायला, आणि धूर जमिनीलगत पसरलेला असतो. अशात गार पितळेतून सूर उतरलेलाच येतो, म्हणून मी माऊथपीस मुठीत धरून येतो आणि आधी मिनिटभर नळीत नुसती गरम वाफ सोडतो. पुण्यात पण थंडी असेलच, मग लगेच ट्यूनिंग स्लाइड आत ढकलू नकोस, पाच मिनिटं थांब. आणि एक, तुझा ट्रंपेट इतकी वर्षं पेटीत होता, माऊथपीसच्या पुढची नळी आतून नक्की बुजलेली असणार. कोमट पाण्याने, लवचिक ब्रश घालून धू, माझ्या ट्रंपेटमधून हिरवट गाळ निघाला होता. पिस्टनला तेल घाल, ते पण कोरडे असणार.

संक्रांतीला येतोयस ना? येताना ट्रंपेट आण, एसटीत मांडीवर घेऊन बस, डिकीत टाकू नकोस. पहाटे साडेपाचला मळ्यात जाऊ. हंडा मी तसाच ठेवलाय, आतून पाण्याच्या पातळीवर कोळशाने खूण केलीय, काकूला सांगून ठेवलंय की ती पुसायची नाही. आधी तू हात ठेव, मी वाजवतो, मग तू वाजव.

तुझा,
दिन्या