दिन्याला पत्र : जिप्सी उचलण्याआधी

नाशिक,
१४ डिसेंबर

प्रिय दिन्या,

तुझ्या मारुती जिप्सीला लिफ्ट किट (गाडीची उंची वाढवणारा संच) घालायचं तू ठरवलंच आहेस, तेव्हा नको म्हणण्यात अर्थ नाही. पण ऑर्डर देण्याआधी एक काम कर. गाडी सपाट जागी उभी कर आणि चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून वहीत लिहून ठेव. जमिनीपासून मोजू नकोस, टायरात हवा कमीजास्त असली की ते माप फसवतं. माझ्या गाडीची उजवी मागची बाजू डावीपेक्षा चांगली बोटभर खाली निघाली. १९९९ ची गाडी, एवढी वर्षं बहुतेक वेळा एकटा ड्रायव्हरच आत, दुसरं काय होणार! कमान, म्हणजे चाकावरचा लोखंडी पाट्यांचा स्प्रिंग, बसली होती. म्हणूनच दोन इंचांचं किट घातल्यावर गाडी मागून जवळजवळ तीन इंच वर आली. त्यातला एक इंच तिचा स्वतःचाच होता, वर्षानुवर्षं हरवलेला. फोनवर तू जे चार इंच चार इंच चालवलं होतंस, त्यातले किती नुसती कमान बदलून मिळतात ते आधी बघ. जुन्या गाडीत लिफ्टचं निम्मं काम दुरुस्तीचंच असतं.

आता किट विकणारा जे सांगत नाही ते ऐक. जिप्सीला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकाला जोडणारा एकच आडवा दांडा. कमान उंच केली की चेसिस वर जाते, बॉडी वर जाते, पण ॲक्सल टायरवर बसलेला, तो तिथंच राहतो. ॲक्सलच्या मधला डिफरन्शियलचा (चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा सूतभरही हलत नाही. मोहाडीला सासऱ्यांच्या द्राक्षबागेकडे जाणाऱ्या वाटेवर ट्रॅक्टरनी दोन खोल चाकोऱ्या पाडल्यात आणि मध्ये काळ्या मातीचा वरंबा उभा आहे. त्या वरंब्याला पूर्वीही गोळाच घासायचा, आताही गोळाच घासतो. तो वर न्यायचा तर टायर मोठा हवा. कंपनीच्या २०५/७० आर १५ टायरचा व्यास साधारण ६६८ मिलिमीटर, २१५/७५ चा ७०४ च्या आसपास. फरक ३६ चा, पण गोळा वर जाणार त्याच्या निम्मा, म्हणजे १८ मिलिमीटर. शिवाय एवढ्यासाठी स्पीडोमीटर मागे पडतो, काटा ६० वर असतो तेव्हा गाडी खरी ६३ नं पळत असते. मग लिफ्टनं मिळालं काय? नाक उचललं गेलं, पोट सुटलं, आणि मोठा टायर पूर्ण वळवला तरी आत घासत नाही. हरसूलच्या पलीकडे पावसानं तोडलेल्या डांबराच्या कडा चढताना हे कामाला येतं. मला तेवढंच हवं होतं.

तुझ्या डोक्यातलं दुसरं खूळ म्हणजे कमान ॲक्सलच्या वर घेणं. जिप्सीत ती कंपनीतून ॲक्सलच्या खालून जाते, वर घेतली की एकदम पाचेक इंच उंची मिळते हे खरं. पण त्यासाठी ॲक्सलवर नवी बैठक वेल्ड करावी लागते, स्टिअरिंगचा ड्रॅग लिंक (चाकांकडे हालचाल नेणारा दांडा) वाकडा बनवून घ्यावा लागतो आणि ॲक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचे कोन नव्यानं जुळवावे लागतात. वेल्डिंग जरा कच्चं राहिलं तर ॲक्सल सुटणार, आणि तोही घाटात. घरच्या पार्किंगमध्ये करायचं काम नव्हे ते.

लांब शॅकल (कमानीचं टोक चेसिसला जोडणारी हलती कडी) घालून स्वस्तात उचलणारेही भेटतील. मागे चालून जातं, पुढे मात्र त्रास देतं. आपल्या गाडीत पुढच्या कमानीचा शॅकल पुढच्या टोकाला आहे. तो लांब केला की कमानीचं नाक खाली झुकतं, त्याबरोबर ॲक्सल फिरतो आणि कॅस्टर, म्हणजे चाक सरळ ठेवणारा मागचा कल, कमी होतो. मग ८० च्या वर गाडी सरळ धरवत नाही, स्टिअरिंग सोडलं तर आपण होऊन मध्यावर येत नाही. ॲक्सलखाली पाचर घालून ते सुधारता येतं. पण दुखणं आणून मग औषध शोधायचं कशाला? मी जास्त बाकाच्या नव्या कमानी, लांब शॉकअप, नवे बुश (कमानीच्या टोकाच्या भोकातलं, म्हणजे डोळ्यातलं, रबरी अस्तर) आणि कमान ॲक्सलला बांधणारे आठ नवे यू बोल्ट घेतले. यू बोल्ट एकदा आवळले की ताणले जातात, जुने परत वापरू नकोस, अगदी चकचकीत दिसत असले तरी.

काम घरीच केलं, शेजारच्या आप्पांच्या देखरेखीखाली. आप्पा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत, उभा जन्म बसच्या कमानींखाली गेला. आमच्या पार्किंगला शहाबादी फरशी, म्हणून त्यांनी आधी जाड प्लायचे तुकडे टाकायला लावले आणि त्यावर घोड्या, म्हणजे गाडी टेकवायचे स्टँड, ठेवल्या. घोड्या चेसिसखाली, ॲक्सल ट्रॉली जॅकवर, जमिनीवरच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी पाचरी. नुसत्या जॅकच्या भरवशावर डोकं आत घालू देईनात. मागून सुरुवात केली, आणि एका वेळी एकच बाजू, म्हणजे दुसरी बाजू बांधलेली राहते आणि ॲक्सल जागचा सरकत नाही. ॲक्सल खाली सोडताना ब्रेकच्या होजवर (रबरी नळीवर) डोळा ठेव, त्यावर वजन लटकता कामा नये.

वेळ खाल्ला तो बोल्टांनी. कमानीच्या पुढच्या डोळ्यातला बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीशी गंजून एकजीव झालेला. आदल्या रात्रीपासून डब्ल्यूडी-४० मारून ठेवलं होतं, तरी नट सुटला आणि बोल्ट जागेवरच गरगर फिरत राहिला. माझा हात ग्राइंडरकडे गेला तसे आप्पा म्हणाले, "अरे, वर पेट्रोलची टाकी आहे, ठिणग्या पाडतोस काय?" मग हेक्सॉचं पान हातात धरून, डोळा आणि ब्रॅकेटच्या फटीतून, आळीपाळीनं कापत बसलो. पोरगा खाली आडवा होऊन टॉर्च धरत होता आणि किती कापलं ते दर मिनिटाला सांगत होता. तुझी गाडी इतकी वर्षं कोकणातल्या हवेत आहे, तुझे बोल्ट माझ्यापेक्षा चिवट निघतील. आठही टोकांचे नवे बोल्ट आधीच आणून ठेव, आणि शनिवारी खोलून सोमवारी ऑफिसला गाडी न्यायचा बेत करू नकोस.

एक गोष्ट आप्पांनी दोनदा बजावली म्हणून तुलाही सांगतो. शॅकलचे आणि डोळ्यांचे बोल्ट गाडी वर असताना हातानंच लावायचे. चाकं चढवून, गाडी जमिनीवर उतरवून, दोन-चारदा खाली दाबून, मग आवळायचे. वर असताना कमान लोंबत असते. तेव्हा आवळलं की रबरी बुश त्या स्थितीत जखडतो, गाडी खाली टेकली की पिळला जातो आणि काही महिन्यांत फाटतो. यू बोल्ट मात्र समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळायचे, कमानीचे पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या भोकात नीट बसलंय ना हे बोटानं चाचपून. दोनेकशे किलोमीटर झाले की परत पाना लाव. माझे सगळे थोडे थोडे फिरले.

नंतरची कामं: स्टिअरिंग वाकडं झालं होतं, ते ड्रॅग लिंकची लांबी कमीजास्त करून सरळ केलं. ॲक्सल पूर्ण लोंबवून ब्रेकचे होज ताणले जात नाहीत ना ते पाहिलं, पुढचे दोन बदलले. हेडलाइट भिंतीवर पाडून खाली घेतले. व्हील अलाइनमेंटवाल्याला फक्त टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती ते) बघायला सांग, अखंड ॲक्सलला कॅम्बर (चाकाचा उभा कल) सेट होत नसतो, कुणी त्याचे पैसे लावले तर देऊ नकोस.

कायद्याचंही बोलून टाकतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ म्हणतं की कंपनीनं ठरवलेल्या आणि आरसीवर असलेल्या तपशिलांपेक्षा वेगळा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं. आपल्या गाड्या पंधरा वर्षांच्या पुढच्या, दर पाच वर्षांनी नूतनीकरण आलंच. माझी पुढची खेप २०२९ ला, पेठ रोडच्या आरटीओत. तिथं चार इंच उचललेली जिप्सी नजरेतून सुटायची नाही. विम्याचंही तेच, न कळवता केलेला बदल अपघातानंतर अंगाशी येऊ शकतो. माझे दोन इंचही त्या कलमात बसतात असं मी म्हणत नाही. म्हणून जुन्या कमानी तेल लावून माळ्यावर ठेवल्यात, वेळ आली तर दोन सुट्ट्यांत परत चढतील.

चालवायला कशी झाली विचारशील, तर खडबडीत रस्त्यावर मस्त, मोकळ्या हायवेवर जरा कडक. वळणावर पूर्वीपेक्षा जास्त कलते. कसारा घाटात मी आता जुन्या वेगानं वळणं घेत नाही, आणि तूही तुझ्या आंबा घाटात घेऊ नकोस. अरुंद गाडी, त्यात वजन वर गेलेलं.

हो, ती उजवी कमान एवढी का बसली होती ते धुतल्यावर कळलं. वरून दुसऱ्या पाट्याला सेंटर बोल्टच्या भोकापाशी चीर, दोन तुकडे व्हायला आलेला. त्या कमानीवर आम्ही पोरंबाळं घेऊन सप्तशृंगीला जाऊन आलो होतो! तो पाटा सासऱ्यांनी लोहाराकडे दिला, दोन कोयते झाले, एक तुझ्यासाठी मागून ठेवलाय. तुझ्या कमानी पण आधी धुऊन, एकेक पाटा सुटा करून बघ. कदाचित किटची गरजच उरणार नाही आणि पैसे वाचतील. उरलीच, तर जानेवारीत दोन दिवस काढून मीच येतो. ट्रॉली जॅक आणि घोड्या माझ्या. तुझ्या मेव्हण्याकडचा टॉर्क रेंच तेवढा मागून ठेव, आणि मापं लिहिलेल्या पानाचा फोटो पाठव.

वहिनींना नमस्कार, चिंगीला पापा.

तुझाच,
बाळ्या