अंथरुणावरच्या माणसाचा ई-मेल उघडायचा कुणी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. वय 76. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आम्हाला ओळखतात, आई भरवते ते खातात. पण हो की नाही, एवढंही खात्रीनं सांगू शकत नाहीत. दवाखान्याची धावपळ कुणाला चुकलेली नाही, तिच्याबद्दल लिहीत नाही. लिहायचंय ते त्यांच्या बंद पडलेल्या ई-मेलबद्दल.

अण्णा पहिल्यापासून टापटिपीचे. कपाटात विषयवार फायली, प्रत्येकीवर त्यांच्या वळणदार अक्षरात नाव. पण या फायली 2019 पाशी थांबल्यात. त्यानंतर मेडिक्लेमची पॉलिसी, म्युच्युअल फंडाची स्टेटमेंट, वीजबिल, सगळंच मेलवर यायला लागलं. झटका आला त्या रात्री भावानं अण्णांचा निपचित अंगठा हातात धरून फोनला टेकवला आणि फोन उघडला. अण्णांचे डोळे उघडे होते. त्यांना ते कळलं का, आवडलं का, हे मला अजून माहीत नाही. पहाटे बॅटरी संपली. चार्ज करून फोन चालू केला तर अंगठा चालेना, पिन मागायला लागला. जन्मतारखा झाल्या, घर नंबर झाला, आई-अण्णांच्या लग्नाचं साल झालं. मग फोन कायमचा लॉक होईल या भीतीनं आम्हीच थांबलो.

सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घाला, ओटीपी मागवा, पासवर्ड बदला, असा सल्ला पुष्कळांनी दिला. तेही करून पाहिलं. मेलला जोडलेला नंबर अण्णांचा जुना, केव्हाच बंद झालेला निघाला. मेडिक्लेमच्या नूतनीकरणाची आठवणही त्याच बंद नंबरवर आणि त्याच बंद मेलवर गेली असणार. सप्टेंबरमध्ये घशात अन्न अडकून अण्णांना न्यूमोनिया झाला, पुन्हा ॲडमिट केलं, तेव्हा कॅशलेसच्या खिडकीवर कळलं की पॉलिसी संपून 12 दिवस झालेत. सवलतीच्या 30 दिवसांत हप्ता भरला म्हणून पॉलिसी तुटली नाही; पण मधल्या खंडातल्या आजारपणाचे पैसे मिळत नाहीत. ते सगळं बिल आईच्या ठेवी मोडून भरलं.

ई-मेल कंपनीला आम्ही डॉक्टरांचं प्रमाणपत्र, आधार, रेशनकार्ड, सगळं पाठवलं. उत्तर आलं की खातं फक्त खातेदारालाच उघडून देता येतं. खातेदार मरण पावला असल्यास मृत्यूचा दाखला जोडून वेगळा अर्ज करावा. आईनं ते वाचून घेतलं आणि उठून आत गेली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. ॲपलनं 2021 मध्ये वारस-संपर्काची, म्हणजे आपल्यामागे खातं कुणी उघडावं हे नेमून ठेवण्याची सोय केली, तीही मृत्यूनंतरचीच. गूगलची 2013 पासूनची 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' ही आपण नेमलेल्या माणसाकडे खात्यातली माहिती सोपवणारी सोय खातं न वापरता किमान तीन महिने लोटल्यावर जागी होते, आणि तीही आधी भरून ठेवली असेल तरच. माणूस जिवंत आहे पण असमर्थ आहे, ही अवस्था कुणी फारशी धरलेलीच नाही.

वकिलांकडे गेलो. अण्णांनी आधी कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीनं व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, करून ठेवलं असतं तर, असं विचारलं. त्याचाही भरवसा नव्हता. आपल्या 1872 च्या करार कायद्याच्या कलम 201 नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची सारासार बुद्धी गेली की मुखत्यारीही संपते. म्हणजे ज्या दिवशी तो कागद लागतो, त्याच दिवशी तो निकामी होतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2005 च्या कायद्यानुसार असं मुखत्यारपत्र करता येतं, जे माणूस असमर्थ झाल्यावरही टिकतं. आपल्याकडे 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात प्रतिनिधी नेमता येतो, पण तो उपचारांपुरता. 1999 चा नॅशनल ट्रस्ट कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांपुरता. उरतो उच्च न्यायालयाचा दरवाजा. कोमातल्या रुग्णांसाठी पालक नेमण्याची रीत केरळ उच्च न्यायालयानं 2019 मध्ये घालून दिली, मुंबई उच्च न्यायालयानंही असे पालक नेमले आहेत. पण एक मेल उघडायला गावाकडच्या माणसानं रिट याचिका करायची का?

मला हेही मान्य आहे की कुणीही उठावं आणि आजारी माणसाची पेटी उघडावी, असं होता कामा नये. वाटण्यांवरून भांडणारी भावंडं आपण सगळ्यांनी पाहिलीत. मालकाच्या परवानगीशिवाय खात्यात शिरणं 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातही बसत नाही, आणि ते योग्यच आहे. मेलमध्ये नुसती बिलं नसतात, माणसाचं खासगीही असतं. पण नोव्हेंबरमध्ये अण्णांच्या हयातीच्या दाखल्यासाठी बँकेचे अधिकारी घरी आले. अण्णांच्या डाव्या हाताचा अंगठा शाईत बुडवला, कागदावर टेकवला, दोन साक्षीदारांनी सह्या केल्या, त्यातले एक ते अधिकारी स्वतः. आजारी माणसाला खात्यातून पैसे काढता यावेत म्हणून रिझर्व्ह बँकेचा नियमच तसा आहे. हाताचा अंगठा उठत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसाही चालतो. वीस मिनिटांत काम झालं आणि अण्णांची पेन्शन चालू राहिली. पैशाच्या बाबतीत जे जमतं, ते पत्रांच्या बाबतीत का जमू नये?

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 14 मध्ये एक धागा आहे. मृत्यू किंवा असमर्थता आली तर आपले हक्क वापरायला दुसऱ्या कुणाला नेमता येईल असं ते कलम म्हणतं, आणि असमर्थतेत शरीराची व्याधीही धरलेली आहे. पण ते हक्क माहिती मागण्याचे, दुरुस्त करण्याचे, पुसून टाकण्याचे. येणारी मेल वाचून हप्ता भरण्याचा हक्क त्यात स्पष्ट नाही, आणि आधी नेमणूक केलेली नसेल तर काय, यालाही उत्तर नाही.

वाचकांना एकच कळकळीनं सांगणं: मेलला जोडलेला नंबर चालू आहे ना, हे आजच बघा. जीमेलमध्ये पासवर्ड न देता दुसऱ्या खात्याला आपल्या मेलवर प्रवेश देता येतो; ती माणसं वाचू शकतात, उत्तर देऊ शकतात, पासवर्ड मात्र बदलू शकत नाहीत. हे फोनवर नाही, संगणकावरून करावं लागतं. मागच्या महिन्यात आईच्या खात्याला मी अशीच जोडले गेले. तिनं विचारलं, "म्हणजे माझ्या बहिणीची पत्रं पण तुला दिसणार?" दिसणार होती. बिलं दाखव आणि बहिणीची पत्रं झाक, असं या सोयीत करता येत नाही. आई जरा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "कर."

आपल्या खासदारांनी हा विषय संसदेत मांडावा. असमर्थतेतही टिकणारं मुखत्यारपत्र हवं. आणि ते नसेल तिथं सरकारी डॉक्टरांचा दाखला, तहसीलदार किंवा दिवाणी न्यायालयाची मर्यादित मुदतीची परवानगी, आणि तेवढ्यावर विमा, बँक, बिलं यांचीच पत्रं उघडून देण्याचं बंधन कंपन्यांवर हवं. गूगलसह काही कंपन्या दोन वर्षं न वापरलेलं खातं पुसून टाकू शकतात. अण्णांच्या खात्याला ऑगस्टपासून कुणी हात लावलेला नाही. शाळेच्या शंभरीसाठी त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांकडून मागवलेल्या आठवणी त्यातच आहेत.

एक वाचक,
मिरज