‘साधी सूज’ लिहिण्याआधी परजीवी शोधावा

महोदय,

त्वचेखाली वाटाण्याएवढी, न दुखणारी गाठ हाताला लागली की ती चरबीची असेल असे रुग्ण म्हणतो आणि पुष्कळदा डॉक्टरही तेच म्हणतात. बहुतेक वेळा ते खरेही असते. परंतु अशा काही गाठींत पट्टकृमीची अळी किंवा हत्तीरोगाचा कृमी असतो. बारीक सुईने गाठीतील द्रव्य ओढून केलेली तपासणी, म्हणजे एफएनएसी, हे तो ओळखण्याचे सोपे साधन आहे, पण त्याचा पुरता उपयोग आपण करून घेत नाही, असे मला ठामपणे वाटते.

या तपासणीला 22 ते 24 गेजची सुई पुरते, टाका पडत नाही आणि बहुधा भूलही लागत नाही. (हायडॅटिडची, म्हणजे एका प्रकारच्या पट्टकृमीच्या अळीने झालेल्या पाणीभरल्या गाठीची, शंका असेल तर मात्र आधी सोनोग्राफी करावी, कारण त्यातील पाणी झिरपल्यास तीव्र ॲलर्जी होऊ शकते.) खरी अडचण सुई बाहेर आल्यावर सुरू होते. सिस्टिसर्कोसिसच्या, म्हणजे त्वचेखाली किंवा इतर अवयवांत पट्टकृमीची अळी वसल्याने होणाऱ्या आजाराच्या, गाठीतून कधी कधी पाण्यासारखे स्वच्छ द्रव एक-दोन थेंबच येते आणि ‘काही आले नाही’ म्हणून ते कापसाने पुसले जाते. वास्तविक ते सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून) तळाशी बसलेल्या गाळाची स्लाइड केली, तर अळीच्या पिशवीचे तुकडे दिसू शकतात: नागमोडी कडा आणि तिच्या आत तंतुमय भागात विखुरलेली बारीक केंद्रके. अळीच्या डोक्यावर आकड्यांच्या दोन ओळी असतात. त्यांतला एखादा स्लाइडवर आलाच, तर मायक्रोस्कोपचा कंडेन्सर (स्लाइडखालचे प्रकाश एकवटणारे भिंग) थोडा खाली घेतल्यावर तो चमकून उठतो.

अळी मरू लागलेली असेल तर काम कठीण होते. सुईत पू येतो, स्लाइडवर नुसती दाहपेशींची गर्दी दिसते आणि अहवालात ‘गळू’ किंवा ‘साधी सूज’ लिहून विषय संपवला जातो. अनेक केंद्रकांच्या मोठ्या राक्षसपेशी दिसल्या तर क्षयाची शंकाही घेतली जाते. अशा स्लाइडवर इओसिनोफिल (परजीवी किंवा ॲलर्जी असताना वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) मुबलक असतील तर, परजीवी दिसला नाही तरी, त्याची शक्यता अहवालात स्पष्ट नोंदवावी आणि पुन्हा सुई घालावी किंवा गाठ काढून तपासावी. हत्तीरोगाच्या कृमीच्या सूक्ष्म अळ्या, म्हणजे मायक्रोफायलेरिया, तर कोणाला शंकाही नसताना स्लाइडवर सापडतात. वुचेरेरिया बँक्रॉफ्टी या हत्तीरोगाच्या कृमीची मायक्रोफायलेरिया तिच्या आवरणावरून आणि शेपटीच्या टोकाशी केंद्रके नसण्यावरून ओळखता येते, पण त्यासाठी स्लाइड कडेपर्यंत पाहावी लागते.

निदान झाल्यावर गाठ कापून रुग्णाला घरी पाठवणे पुरेसे नाही. त्वचेखाली सिस्टिसर्कस (पट्टकृमीची ही अळी) आहे म्हणजे तो मेंदूत आणि डोळ्यातही असू शकतो. अल्बेंडाझोल या कृमिनाशकाने अळी मरताना तिच्याभोवती सूज वाढते, म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी डोळ्यांची तपासणी आणि मेंदूचे स्कॅन झालेच पाहिजे. हा आजार पट्टकृमी बाळगणाऱ्या माणसाच्या विष्ठेतील अंडी अन्नातून, पाण्यातून किंवा न धुतलेल्या हातांतून पोटात गेल्याने होतो. त्यामुळे तो मांस न खाणाऱ्यालाही होतो. म्हणूनच सुईतपासणीचा अहवाल हाती आल्यावर रुग्णासह घरातील सर्वांची शौचतपासणी सांगावी. ज्याच्या आतड्यात कृमी आहे त्याला बहुधा त्याचा पत्ताही नसतो.

आपली,
एक पॅथॉलॉजिस्ट