‘चेंज मॅनेजर पाहिजे’. पण नेमका कोणता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या दैनिकाच्या नोकरीविषयक पानावर जळगाव औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याची ‘चेंज मॅनेजर पाहिजे’ अशी जाहिरात वाचनात आली. उमेदवार संगणक अभियंता असावा, त्याला सर्व्हर आणि नेटवर्कची माहिती असावी, आयटिलचे प्रमाणपत्र असल्यास प्राधान्य दिले जाईल, आणि अगदी शेवटच्या ओळीत, ‘कामगारांना नव्या ईआरपी प्रणालीसाठी तयार करता आले पाहिजे’. (ईआरपी म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र ठेवणारी संगणक प्रणाली.) प्लॅस्टिकच्या चटया बनवणाऱ्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये २९ वर्षे काढून मी निवृत्त झालो आहे. या कारखान्याला दोन वेगळी माणसे हवी आहेत आणि ती एकाच पगारात मिळतील अशी त्याची समजूत आहे, असे ही जाहिरात वाचून वाटले, म्हणून हा पत्रप्रपंच.

एकाच नावाची ही दोन पदे आहेत. आयटिल ही संगणक सेवांच्या व्यवस्थापनाची पद्धती १९८० च्या दशकात ब्रिटिश सरकारी यंत्रणेत आकाराला आली. त्या पद्धतीतला चेंज मॅनेजर हा प्रणालीत होणाऱ्या प्रत्येक फेरफारावर लक्ष ठेवणारा माणूस असतो. फेरफार कधी करायचा, त्यात धोका कोणता, बिघडल्यास मागे कसे यायचे आणि मंजुरी कोणाची, हे तो पाहतो. २०१९ च्या चौथ्या आवृत्तीत या कामाला ‘चेंज इनेबलमेंट’ असे नाव मिळाले, त्यामुळे गोंधळ थोडा कमी व्हायला हवा होता. दुसरा चेंज मॅनेजर माणसांचा. नवी प्रणाली आल्यावर कोणाच्या रोजच्या कामात काय बदलणार, कोणाचा मान कमी होणार, कोणाला काय शिकवावे लागणार आणि लोक खरोखर ती वापरत आहेत की नाही, हा त्याचा प्रांत. प्रकल्प व्यवस्थापक आणखी वेगळा. ठरल्या तारखेला, ठरल्या पैशांत प्रणाली बसवून दिली की त्याचे काम संपते, माणसांचे काम मात्र त्यानंतरही चालू राहते.

आमच्या कारखान्यात ईआरपी आली तेव्हा असा माणसांचा चेंज मॅनेजर नेमलेला नव्हता. सूचना फलकावर ‘बदल व्यवस्थापन बैठक’ एवढेच लिहिले होते, आणि ते वाचून निम्म्या लोकांनी बदल्या होणार असा अर्थ घेतला, तर बदली कामगारांना, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी तात्पुरते येणाऱ्यांना, वाटले की आपल्याला कायम करण्याचा विषय निघाला आहे. (मराठीत हे पद आणताना या शब्दाचा विचार करावाच लागेल.) दोन दिवसांचे प्रशिक्षण ठेवले ते नेमके आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला. ज्यांच्या घरी लेकी माहेरी आलेल्या, ते लोक रजेवर गेले, आणि पुण्याहून आलेल्या प्रशिक्षकाने अर्ध्या रिकाम्या सभागृहात पडद्यावरची चित्रे दाखवून हजेरीपटावर सह्या घेतल्या.

त्यानंतरच्या पंधरवड्यात प्लॅस्टिक दाण्याची एक गाडी आली. पुरवठादाराच्या बिलावर २५ किलोच्या ६४० गोण्या, म्हणजे १६ टन माल होता. प्रणालीत खरेदीची नोंद किलोमध्ये होती. आवक लिहिणाऱ्या मुलाने बिलावरचा ६४० हा आकडा जसाच्या तसा टाकला, आणि १५,३६० किलो दाणा कागदोपत्री नाहीसा झाला. दोन दिवसांनी मशीनवर पुन्हा दाणा द्यायची वेळ आली, तेव्हा नोंदलेले ६४० किलो संपलेले, डोळ्यांसमोर छतापर्यंत थप्पी लागलेली आणि पडद्यावर शिल्लक शून्य. माल असूनही देता येईना. पाळी प्रमुख येऊन ‘काय व्हयनं भो?’ (काय झाले भाऊ?) असे विचारू लागला, तेव्हा मी टेबलाखालची लाल कापडी बांधणीची जुनी वही काढली आणि तिच्यावर सही घेऊन माल दिला. त्या दिवसापासून आमच्याकडे दोन हिशेब सुरू झाले, एक साहेबांना दाखवायचा आणि एक कामाचा. यात लबाडी नव्हती. कारखाना चालू ठेवायचा होता. पण मार्चअखेरच्या मोजणीत दोन्ही हिशेब जुळेनात, तेव्हा ‘कामगार बदलाला विरोध करतात’ असा शेरा वर गेला, याचे मला अजूनही वाईट वाटते.

हा गुंता सोडवला तो वजनकाट्यावरच्या कारकुनाने. तो चार दिवस स्टोअरमध्ये बसला, कोणत्या मालाचे माप बिलावर वेगळे आणि प्रणालीत वेगळे असते याचा एक तक्ता त्याने केला, आणि तो अहिराणीत समजावून देऊन आवक खिडकीशेजारी चिकटवला. महिनाभरात वही बंद झाली. माणसांचा चेंज मॅनेजर जे करतो ते हेच, फक्त ते प्रणाली चालू होण्याच्या आधी व्हायला हवे.

या विषयाची शास्त्रीय बाजू अपरिचित नाही. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४७ मध्ये बदलाचे तीन टप्पे सांगितले: जुने वितळवणे, बदल करणे आणि नवे पुन्हा गोठवणे. चटई कारखान्यात काम केलेल्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही, कारण दाणा वितळवून काढलेली काडी पाण्यात गार होण्याआधीच पुढे ओढली तर ती वाकते आणि शेजारच्या काडीला चिकटते. आपल्याकडे तिसरा टप्पाच गाळला जातो. बदल व्यवस्थापनाचे अभ्यासक जेफ हायट यांच्या ‘अ‍ॅडकार’ या मांडणीत जाणीव, इच्छा, ज्ञान, क्षमता आणि दृढीकरण असा क्रम आहे. आमच्याकडे थेट तिसऱ्या पायरीवर, म्हणजे प्रशिक्षणावर, उडी मारली गेली होती.

जाहिरातीत ज्याचा उल्लेखही नव्हता अशी एक बाब कायद्याची आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ नुसार सेवाशर्तींशी संबंधित ठरावीक बाबींत बदल करायचा तर कामगारांना २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागत असे, आणि औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्येही ही तरतूद कायम आहे. पाळ्यांची पद्धत बदलणे किंवा कामगारकपात होऊ शकेल अशी तांत्रिक सुधारणा करणे, हे त्या बाबींत येते. चेंज मॅनेजरला हे ठाऊक नसेल, तर त्याने गोडीगुलाबीने जमवलेले काम युनियनच्या एका पत्राने थांबू शकते.

आता निवडीविषयी. या क्षेत्रातली काही प्रमाणपत्रे तीन दिवसांच्या अभ्यासक्रमानंतर मिळतात. ती असावीत, मात्र केवळ त्यांवर नेमणूक होऊ नये. मुलाखतीत उमेदवाराला त्याचा फसलेला बदल विचारावा, आणि तो सारा दोष लोकांवर टाकतो की आपल्याकडेही घेतो ते पाहावे. प्रणाली चालू झाल्यानंतर सहा महिन्यांनी किती जण ती वापरत होते, आणि हे त्याने कसे मोजले, असे विचारावे. ‘प्रशिक्षण शंभर टक्के पूर्ण’ असे उत्तर आले तर त्याने हजेरीपट मोजला, वापर मोजला नाही, असे समजावे. चौकशी त्याच्या जुन्या संचालकांकडे करण्याऐवजी तिथल्या एखाद्या फोरमनकडे करावी. शक्य असल्यास निवडीपूर्वी त्याला एक रात्रपाळी कारखान्यात काढू द्यावी आणि सकाळी काय पाहिले ते विचारावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्याने मालकांना काय विचारले ते ध्यानात ठेवावे. हा बदल का करायचा आहे, त्यासाठी तुम्ही स्वतः किती वेळ देणार, आणि तुमचा चुलतभाऊ जुन्याच पद्धतीने खरेदी करत राहिला तर तुम्ही काय कराल, असे विचारण्याचे धाडस ज्याच्यात आहे, तो माणूस कामाचा. कुटुंबाच्या मालकीचे इतके उद्योग असलेल्या खान्देशात हा शेवटचा प्रश्न टाळून चालत नाही.

असा माणूस बाहेरूनच आणला पाहिजे असेही नाही. ज्याच्या टेबलापाशी लोक आपणहून अडचण घेऊन जातात, असा एखादा जण बहुतेक कारखान्यांत असतो. त्याला रीतसर प्रशिक्षण आणि अधिकार दिले तर तो पुण्या-मुंबईच्या सल्लागाराला भारी पडेल. मात्र त्याला संगणक विभागाच्या हाताखाली ठेवू नये, थेट मालकांशी बोलता येईल अशा जागी बसवावे, आणि नेमणूक सॉफ्टवेअर कंपनीशी करार करण्याआधी करावी, कारण कोणती मापे आणि कोणत्या सह्या प्रणालीत हव्यात हे करार झाल्यावर सांगितले तर त्याचे वेगळे पैसे पडतात.

जाहिरातीत नेमणुकीची मुदत सहा महिने दिली आहे. संबंधित कारखान्याला माझी विनंती आहे की पदाचे नाव आणि कामाचे स्वरूप दुरुस्त करून ही जाहिरात पुन्हा द्यावी, आणि मुदत अशी ठेवावी की प्रणाली चालू झाल्यानंतरचा निदान एक ३१ मार्च त्या माणसाने आमच्यासारख्या स्टोअरवाल्यांबरोबर माल मोजत काढावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भांडारपाल, जळगाव