गळ्यातला तो बिल्ला शौर्यपदक नव्हे

महोदय,

गेल्या रविवारी आपल्या दैनिकात ठाण्यातील एका हौशी नाट्यप्रयोगाचे वृत्त आले. सोबतच्या छायाचित्रात जर्मन शिपायाच्या गळ्यात साखळीने अडकवलेला जो अर्धचंद्राकृती पत्रा दिसतो, त्याला आपण चित्रओळीत 'शौर्यपदक' म्हटले आहे. ते पदक नाही. तो जर्मन लष्करी पोलिसांचा, म्हणजे 'फेल्डजांडार्मरी'चा, कामावर असल्याची खूण असलेला बिल्ला आहे. आपल्याकडे सरकारी कचेरीतल्या शिपायाला पट्ट्यावरून आणि पितळी बिल्ल्यावरून पट्टेवाला म्हणत, त्याच जातीची ही वस्तू. फरक एवढाच, की हा पट्टेवाला बंदूकधारी होता.

पहिल्या महायुद्धानंतर मोडीत निघालेले हे दल १९३९ मध्ये युद्धाच्या तोंडावर पुन्हा उभे राहिले, ते मुख्यतः नागरी पोलिसांतून घेतलेल्या माणसांवर. त्यामुळे आरंभी पुष्कळांच्या अंगावर पोलिसांचाच हिरवा गणवेश आणि दंडाला दलाचे नाव लिहिलेली हिरवी पट्टी असे. पुढे सैन्याचा करडा-हिरवा गणवेश आला, तरी पोलिसी मूळ पुसले गेले नाही: डाव्या दंडावर पानांच्या वेढ्यातला पोलिसांचा गरुड, खांद्यावरच्या पट्ट्यांना नारिंगी किनार, आणि डाव्या बाहीच्या टोकाशी दलाचे नाव विणलेली तपकिरी फीत. गळ्यातल्या बिल्ल्यावरची अक्षरे, गरुड आणि दोन्ही टोकांची बटणे अंधारात चमकणाऱ्या रंगाने रंगवलेली असत, कारण रात्री चौकात उभे राहून लष्करी वाहनांना वाट दाखवणे हे या दलाचे नेहमीचे काम होते.

पण तेवढ्यासाठी सैनिक त्यांना घाबरत नव्हते. रजेचे कागद तपासणे, तुकडीपासून सुटलेल्यांना पुन्हा आघाडीवर हाकणे आणि पळून गेलेल्यांना पकडणे हीही त्यांचीच कामे. गळ्यातल्या साखळीवरून त्यांना जर्मन सैनिकांनीच 'केटेनहुंडे', म्हणजे साखळीचे कुत्रे, असे नाव ठेवले होते. ही धास्ती निराधार नव्हती. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने आपल्या ४८ सैनिकांना देहदंड दिला होता. दुसऱ्या महायुद्धात लष्करी न्यायालयांच्या निकालांवरून मारल्या गेलेल्यांचा इतिहासकारांचा अंदाज १५ हजारांच्या वर जातो. व्यापलेल्या प्रदेशांत, विशेषतः पूर्वेकडे, या दलाचा नागरिकांच्या आणि ज्यूंच्या हत्यांत जो हात होता, तो वेगळाच.

आता नाटकाकडे. कथानक, आपल्याच वृत्तानुसार, आघाडीवरून पळालेल्या एका जर्मन सैनिकाचे आहे. मग तो बिल्लेवाला दारात उभा राहतो तेव्हा प्रेक्षकाला कळायला हवे, की हा शत्रू नव्हे, त्याच्याच सैन्यातला माणूस आहे आणि म्हणूनच भयंकर आहे. 'शौर्यपदक' म्हटल्याने तो सत्कारमूर्ती होतो आणि प्रसंगच उलटतो.

कपडेपटानेही येथे थोडी गल्लत केली आहे. बिल्ला अचूक, पण गणवेश काळा! एसएस या नाझी पक्षाच्या निमलष्करी संघटनेचा काळा पोशाख युद्धकाळात बहुतेक मागे पडला होता, आणि काळ्या वेशातले रणगाडा-सैनिक वेगळे. अर्थात मला फार बोलायचा अधिकार नाही. काही वर्षांपूर्वी मीही तेलाच्या डब्याचा पत्रा कापून असाच बिल्ला केला होता आणि तो एका सेनापतीच्या गळ्यात घातला होता. तेव्हा कोणी पत्र लिहिले नाही, याची आजही चुटपुट आहे.

चित्रओळीची दुरुस्ती येत्या रविवारच्या अंकात करावी. पुढच्या प्रयोगापूर्वी काळा कोट बदलून करड्या-हिरव्या कोटाच्या खांद्यांना नारिंगी किनार शिवून घेणे फारसे खर्चिक ठरणार नाही, हेही त्या कलावंतांपर्यंत पोहोचावे, ही विनंती.

आपला,
एक नाट्यप्रेमी वाचक,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)