माळ्यावरच्या वह्या रद्दीत देणार नाही

मालवण, 6 जुलै

तीर्थरूप आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

घर ठीक आहे. मागच्या पडवीत दोन जागी गळतं, तिथे टोप ठेवलेत. विहीर काठाशी आली आहे. मांजर जेवणापुरतं येतं. एवढं झालं की आता वह्यांचं.

दादा परवा फोनवर म्हणाला, चतुर्थीच्या आधी माळा मोकळा कर, बाबांच्या जुन्या वह्या रद्दीवाल्याला देऊन टाक, नाहीतरी वाळवी लागली आहे. म्हणून शिडी लावून चढले. पत्र्याच्या पेटीत रापणीच्या जाळ्याच्या हिशेबाच्या तेवीस वह्या निघाल्या, पहिली 1988ची. दोन वह्यांची चाळण झाली आहे, बाकीच्या शाबूत. पाच मिनिटं बघून खाली येते म्हणून बसले, ती दिवेलागण झाली तरी तिथेच.

रद्दीवाल्याला देणार नाही. का नाही, ते सांगायचं तर मी काय काम करते ते सांगावं लागेल, आणि ते मी बारा वर्षं टाळलं आहे. बाबा, तुम्ही विचारता, "नेमकं करतेस काय?" मी म्हणते, "गणित." तुम्ही म्हणता, "ते झालंच, पण करतेस काय?" शेजारच्या काकींनी काल पेज आणून दिली आणि जाता जाता विचारलं, "गो, तुझी ती गणितां अजून सुटली नाय?"

आई, हे पत्र तूच वाचून दाखवणार, बाबांना अजून डोळ्यांना ताण द्यायचा नाही. परकी नावं येतील, अडखळलीस तरी चालेल. पोंत्र्यागिन नावाचा एक रशियन गणिती होता, जन्म 1908चा. चौदाव्या वर्षी स्टोव्हचा स्फोट होऊन त्याचे डोळे गेले. आई शिवणकाम करणारी, तिला गणित येत नव्हतं. पण तिने मुलाला गणिताची पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवली. चिन्हांची नावं ठाऊक नव्हती, मग दिसतील तशी सांगायची: हे शेपट्या वर, हे शेपट्या खाली. संचांचा संयोग आणि छेद, ती चिन्हं. पुढे 1950च्या दशकात या माणसाने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी जो सिद्धांत मांडला, त्यावर माझं अर्धंअधिक काम चालतं. तुलाही शेवटी थोड्या शेपट्या वाचायच्या आहेत, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

आता मासळी. पहिल्या महायुद्धानंतर इटलीत डांकोना नावाचा एक जीवशास्त्रज्ञ एड्रियाटिक समुद्रावरच्या बंदरांतल्या मासळीबाजारांच्या नोंदी तपासत होता. फियूमे बंदरात (हल्ली ते क्रोएशियात आहे) 1914 साली आलेल्या मासळीत मोरी, वागळी या जातीचे, म्हणजे दुसऱ्यांना खाणारे मासे 11.9 टक्के होते. 1918 साली ते 36.4 टक्के झाले. 1923पर्यंत पुन्हा 10.7वर आले. मधे युद्ध होतं, मासेमारी जवळजवळ थंडावली होती. मासेमारी थांबली तर सगळीच मासळी वाढायला हवी. मोऱ्यांनाच एवढं बरकतीचं काय झालं?

त्याने होणाऱ्या सासऱ्याला विचारलं. सासरा विटो वोल्टेरा, साठी उलटलेला नावाजलेला गणिती. त्याने 1926 साली दोन समीकरणं लिहून जावयाला उत्तर दिलं. (अमेरिकेत लोटका नावाच्या माणसाला तीच समीकरणं आधीच सुचली होती, सासऱ्याला पत्ता नव्हता.) उत्तर असं: बांगडा सरासरी किती असणार, हे मोरीला तगून राहायला किती बांगडा लागतो यावर ठरतं. आणि मोऱ्या किती असणार, हे बांगडा किती वेगाने वाढतो यावर. जाळं दोघांनाही उचलतं. मग मोरीला तगायला जास्त बांगडा लागतो, आणि बांगड्याची वाढ जाळ्याने खाल्ल्यामुळे मोऱ्या कमी पोसतात. होड्या किनाऱ्याला लागल्या की गणित उलटं फिरतं. आई, तू म्हणशील, "म्हणजे बंदीत बांगडा कमी होतो?" त्या दोन समीकरणांत, हो. खऱ्या दर्यात दोनच जाती नसतात, म्हणून लगेच नाही. पण तुझा प्रश्न बरोबर आहे, माझे विद्यार्थी तो विचारत नाहीत.

वोल्टेराबद्दल एक, खास बाबांसाठी. 1931 साली मुसोलिनीच्या सरकारने सगळ्या प्राध्यापकांकडून निष्ठेची शपथ मागितली. बाराशेच्या आसपास प्राध्यापकांपैकी डझनभरांनी ती नाकारली, त्यांत हा होता. नोकरी गेली.

तर बाजारातल्या जुन्या नोंदींवरून एवढं सगळं निघालं. आणि बाबा, तुमच्या वहीत बाजाराच्या नोंदीत नसतं ते आहे. शून्य आहे. रापण लावली, चाळीस माणसांनी दोर ओढला, जाळ्यात शेवाळ आणि चार खेकडे: तुम्ही तारीख घालून, ओढणारी माणसं लिहून, पुढे शून्य मांडलंय. बाजारात फक्त आलेली मासळी मोजली जाते, न आलेली कोण मोजणार? 1954 साली शेफर नावाच्या शास्त्रज्ञाने जे समीकरण वापरलं ते सांगते: मिळालेली मासळी म्हणजे केलेली मेहनत गुणिले पाण्यातली मासळी, गुणिले त्या जाळ्याचा एक आकडा. पाण्यात किती आहे ते दिसत नाही, पण मेहनत आणि मिळकत दोन्ही लिहिलेली असली तर अंदाज बांधता येतो. मेहनत लिहून ठेवणारी माणसं फार थोडी.

न दिसणाऱ्या गोष्टीचा अंदाज रोज सुधारत नेण्याची एक रीत आहे, 1960 साली कालमन नावाच्या इंजिनिअरने मांडलेली. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांनी ती वापरली, दादाच्या फोनला आपण कुठे आहोत हे कळतं त्यातही ती असते. पण तुम्ही ती पहाटे दांडीच्या किनाऱ्यावर उभं राहून करायचात. पाण्याचा रंग, पक्षी, कालची ओढ बघून म्हणायचात, आज बांगडा आहे. मग जाळं यायचं. अंदाज चुकला तर दुसऱ्या दिवशीचा अंदाज थोडा सरकायचा, पण अख्खा नाही, कारण एका वाईट ओढीवर तुमचा विश्वास नव्हता. किती सरकवायचं, एवढंच कालमनने चोख हिशेबात बसवलं. वाळवीने खाल्लेल्या पानांनाही तीच रीत चालते: दुरुस्ती न करता पुढे जात राहायचं, मनातली शंका वाढू द्यायची, आणि पलीकडची शाबूत पानं लागली की तिथून मागेही यायचं.

हे झालं मोजणं. माझं खरं काम त्याच्या पुढचं, नियंत्रणाचं. 1948 साली नॉर्बर्ट वीनर नावाच्या गणितीने या विद्येला सायबरनेटिक्स हे नाव दिलं, ते सुकाणू धरणाऱ्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून. म्हणजे आपला तांडेल. घरचं उदाहरण द्यायचं तर पंप. वीस मिनिटं लावून बंद करायचा, हा एक प्रकार. विहिरीत पाणी कमी असलं तर टाकी अर्धी राहते. दुसरा प्रकार म्हणजे आई खालून ओरडते, "भरली गो, बंद कर!" आई, नियंत्रणाच्या भाषेत तू प्रतिसाद आहेस. आणि तू कपडे धूत असल्यामुळे दोन मिनिटं उशिरा ओरडलीस की जिन्यावरून ओहोळ. माझ्या प्रबंधाची तीन प्रकरणं त्या दोन मिनिटांवर आहेत.

मासळीत तो उशीर जीवघेणा होतो. बांगडा, तारली थव्याने राहतात. पाण्यातली मासळी निम्मी झाली तरी उरलेले थवे तसेच दाट, सापडला की जाळं भरतं. धोका ओरडून सांगणारंच कोणी नसतं. कॅनडात न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉड माशाचं असंच झालं. कॉड एकत्र गोळा होत राहिला, ट्रॉलरना तो मिळत राहिला, आणि 1992 साली सरकारला मासेमारीच बंद करावी लागली.

1838 साली वेऱ्हुल्स्ट नावाच्या गणितीने वाढीचं जे समीकरण दिलं, त्यावरून समुद्र जेवढी मासळी पोसू शकतो त्याच्या निम्मी असताना ती सगळ्यात वेगाने वाढते. मग तेवढीच वाढ दरवर्षी काढावी, असा सरळ विचार येतो. पण ठरलेले टन काढायचे म्हटलं तर एका वाईट वर्षात कोसळायला होतं. आहे त्यातला ठरावीक हिस्सा काढला तर आपोआप सावरतं. रापणीत हा हिस्सा कोणी ठरवला नव्हता. किनाऱ्याशी काही नाही असं दिसलं की जाळं वाळूतच राहायचं. पोंत्र्यागिनच्या सिद्धांताने अशा प्रश्नांत पुष्कळदा हेच उत्तर येतं: मासळी कमी असली तर पूर्ण थांबा, जास्त असली तर पूर्ण जोर, मधलं फक्त एका पातळीला पोचल्यावर.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. माझ्या पहिल्या शोधनिबंधात मी लिहिलं होतं की पातळी खाली गेली की नौका थांबतील. गणित बरोबर होतं, छापूनही आलं. पण ज्याच्यावर बँकेचा हप्ता आहे त्याला थांबता येत नाही. मासळी कमी झाली की तो जास्त दिवस समुद्रात जातो, म्हणजे प्रतिसाद उलटाच. कॉलिन क्लार्क नावाच्या गणितज्ञाने 1973 साली याहून वाईट दाखवलं होतं: जो प्राणी व्याजाच्या दरापेक्षा सावकाश वाढतो, देवमाशासारखा, तो एकट्या मालकालासुद्धा सगळा मारून पैसे बँकेत ठेवणं "फायद्याचं" ठरू शकतं. मी हे वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. तरी माझ्या समीकरणात हप्ता नव्हता. तो मला तुमच्या वहीत, शेवटच्या पानांवर सापडला, जिथे रापणीतली माणसं एकेक करून ट्रॉलरवर गेल्याचं तुम्ही लिहिलंय आणि मासळीच्या वाट्यांची संख्या घटत जाते.

म्हणून वह्या हव्यात. फोटो काढायला सुरुवात केली आहे, उजेड असेल तेव्हा रोज साठेक पानं. मूळ वह्या इथेच राहतील, पेटीत कडुलिंबाचा पाला घालून.

आता शेपट्या. आई, हे वाच आणि बाबा सांगतील ते माझ्या नावाने एका कागदावर लिहून ठेव. एक: काही तारखांवर डोक्याशी बारीक फुली आहे, अमावास्या-पौर्णिमेशी जुळत नाही. दोन: "भां" म्हणजे भांगाचं पाणी असं मी धरलंय, बरोबर का? तीन: टोपलीच्या आकड्याखाली कधी एक रेघ, कधी दोन. दोन रेघा म्हणजे मोठी टोपली की वाटे झाल्यावरचा आकडा? यावर सगळं अडलंय. चार: 1994च्या वहीत ऑगस्टमध्ये सलग अकरा दिवस दुसऱ्या कोणाचं तरी अक्षर आहे, वळणदार, आणि टोपल्यांची बेरीज दोनदा चुकलेली. मला वाटतं ते तुझं आहे, आई. बाबा तेव्हा आजारी होते का?

बाबांनी औषधाचे थेंब चुकवू नयेत. दादाला सांग, माळा मोकळा होणार नाही.

तुमची,
धाकटी