वर्गणीला गाव हवे, तर निर्णयालाही हवे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जिल्हा परिषदेच्या शाळांना लोकसहभागातून काय काय मिळाले, याच्या बातम्या आपल्या अंकात नेहमी येतात. रंगवलेल्या भिंती, टीव्ही संच, पाण्याची टाकी, संरक्षक भिंत. वाचून आनंद होतो, कारण हे सगळे आमच्यासारख्यांच्याच घरातून जाते. द्राक्षाचे पैसे हातात आले की कोणी पंखे देतो, कोणी मुलाच्या वाढदिवसाला पुस्तके देतो, ज्याच्याकडे रोकड नाही तो ट्रॅक्टर आणून मैदानात मुरूम टाकून जातो. देण्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण जे गाव एवढे देते, त्याला शाळेचा कारभार ठरवताना कोणी विचारत नाही, आणि त्यात नुकसान शाळेचेच होते. एवढ्याचसाठी हे पत्र. मी दिंडोरी तालुक्यातली पालक आहे, शाळा व्यवस्थापन समितीवर आहे आणि घरची द्राक्षबाग सांभाळते.

लोकांच्या बळावर शिक्षण उभे करणे नाशिक जिल्ह्याला नवे नाही. 1914 मध्ये मराठा विद्या प्रसारक समाज (मविप्र) स्थापन झाला. कर्मवीर रावसाहेब थोरात, काकासाहेब वाघ, भाऊसाहेब हिरे, गणपतदादा मोरे ही नावे आमच्याकडे घरातल्या वडीलधाऱ्यांसारखी घेतली जातात. खेड्यातला मुलगा नाशकात राहून शिकावा म्हणून उदोजी मराठा बोर्डिंग होते. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात दादासाहेब बिडकरांनी डांग सेवा मंडळामार्फत काम उभे केले. मविप्रचे सभासद आजही मतदान करून कार्यकारिणी निवडतात. देणाऱ्याला विचारणा करण्याचा हक्क असतो, ही सवय या जिल्ह्याला त्या काळापासून आहे. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा आल्या, वाडीवस्तीवर शाळा पोचल्या, शिक्षकाच्या पगाराची काळजी सरकारने घेतली. हे फार मोठे काम झाले, माझ्या हाती पाटी आली ती त्यामुळेच. मात्र वर्गणी गावाकडे राहिली आणि शब्द तालुक्याच्या कचेरीकडे गेला.

कायद्याने तो शब्द परत दिला आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्याच्या कलम 21 प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे, मिळालेले अनुदान कसे खर्च झाले ते पाहणे आणि शाळा विकास आराखडा तयार करणे, ही समितीची कामे त्यात लिहिलेली आहेत. प्रत्यक्षात काय होते? अनेक गावांत बैठक सकाळी अकराला लागते. त्या वेळी आई कुठे असते? द्राक्षाच्या गोडी छाटणीपासून (फळासाठीची छाटणी) खुडा म्हणजे तोडणी संपेपर्यंत आमच्या भागातली बाई सातच्या आत बागेत गेलेली असते. मग बैठकीचे रजिस्टर घरोघरी येते आणि जिथे बोट दाखवतील तिथे सही होते. आराखड्यात काय लिहिले आहे, हे सही करणारीला माहीत नसते.

आमच्या शाळेत मुख्याध्यापक सरांनी बैठकीची वेळ बदलून रात्री आठची केली. जेवणखाण उरकून बाया मारुतीच्या पारापाशी जमायच्याच, त्या शाळेच्या ओट्यावर जमू लागल्या. आणि पहिल्याच काही बैठकांत एक असा विषय निघाला जो कुठल्याच रजिस्टरला नव्हता. दिवाळीनंतर पेठ, सुरगाण्याकडून मजुरांची कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या बागांत येतात. बागेच्या कडेला ताडपत्रीची झोपडी, आईबाप द्राक्षाचे घड विरळायला, आणि सहा-सात वर्षांची पोर धाकट्याला सांभाळत बसलेली. शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण शिक्षक करतात, पण ते ज्या दिवशी येतात त्या दिवशी ही कुटुंबे दुसऱ्याच बागेत असतात. कोणत्या बागेत किती मुले आहेत, हे माहीत असते त्यांच्या शेजारच्या ओळीत काम करणाऱ्या बायांना. त्यांनी बैठकीत बागांची नावे सांगितली, सर आणि बाई दुसऱ्याच दिवशी जाऊन आले.

आईबापांची पहिली भीती कागदांची होती. दाखला गावी राहिला, जन्माचा पुरावा नाही. सरांनी समजावले की दाखला नाही म्हणून किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, मूल वयानुसार वर्गात बसते. परत जाताना शिक्षण हमी कार्ड दिले की तिकडची शाळा त्यावर पुढे शिकवते. काही मुले आली, काही आली नाहीत. धाकट्याला कोण पाहणार, हा प्रश्न खरा होता. त्यावर तोडगा अंगणवाडीच्या ताईंनी काढला, धाकटे अंगणवाडीत आणि मोठी शाळेत. हे कुठल्या आदेशाने झाले नाही. योग्य माणसे योग्य वेळी एका ठिकाणी बसली म्हणून झाले. दुसऱ्या टोकाला, ज्या गावांतून ही माणसे निघतात तिथे हंगामी वसतिगृहाची योजना आहे, ज्यात आईबाप कामावर गेले तरी मुले गावातच राहून शिकतात आणि जेवतात. तीही तिथली समिती जागी असेल तरच नीट चालते, कारण कोणत्या घरातली मुले मागे राहणार हे गावालाच सांगता येते.

शाळा गावाला काय देते, हे आपण फार कमी बोलतो. मतदान तिथेच, लसीकरण तिथेच. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला 150 ग्रॅम तांदळाचे शिजवलेले जेवण तिथे मिळते, आणि ते शिजवणाऱ्या ताईंना थोडे का होईना मानधन. गोदावरीला पूर आला की सायखेडा-चांदोरीकडच्या माणसांना शाळेच्या खोल्या आठवतात. 2022 मध्ये ‘पहिले पाऊल’ मेळावे झाले, माता गट तयार झाले, आणि पहिलीत जाणाऱ्या लेकराशी घरात बसून काय खेळायचे हे आम्हाला शाळेने शिकवले. उल्लास साक्षरता कार्यक्रमात माझ्या सासूबाई याच शाळेच्या बाकावर परीक्षेला बसल्या. आता बँकेत अंगठा न देता सही करतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसते ते मला शब्दांत लिहिता येत नाही.

म्हणून शाळा बंद करण्याची भाषा ऐकली की जीव घाबरा होतो. 20 पर्यंत पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा कराव्यात, हा विचार 2023 मध्ये पुढे आला. कागदावर पट कमी दिसतो, पण त्या वाडीला दुसरे काय आहे? इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची शाळा बंद केली, तेव्हा 2022 मध्ये तिथली मुले आईबापांसह जिल्हा परिषदेवर चालत आली आणि दप्तरे परत घ्या, त्याबदल्यात शेळ्या द्या, अशी मागणी त्यांनी केली. धरणासाठी जागा सोडलेली ती माणसे. त्यांना आधी विचारले असते तर ही वेळ आली नसती. याउलट त्र्यंबकेश्वर तालुक्यातली हिवाळीची शाळा वर्षाचे 365 दिवस भरते आणि तिचे कौतुक साऱ्या राज्यात होते. सुट्टी नसलेली शाळा एकट्या शिक्षकाच्या जिद्दीवर चालत नाही, पाड्याने आपली मुले रोज पाठवली म्हणून चालते.

पैशाबद्दलही स्पष्ट लिहायला हवे. समग्र शिक्षा योजनेत 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला 10,000 रुपये आणि 31 ते 100 पटाच्या शाळेला 25,000 रुपये संयुक्त अनुदान ठरलेले आहे. त्यातून वीजबिल, खडू, दुरुस्ती, स्वच्छता. एवढ्यात शाळा चालवणे किती ओढाताणीचे आहे, हे आकडे समोर ठेवले की गावाला लगेच कळते. ते गावापासून लांब ठेवले की संशय वाढतो. लोकवर्गणी ही सरकारी अनुदानाची जागा घेण्यासाठी नाही, हेही जिल्हा परिषदेने लक्षात ठेवावे. गळके छप्पर दुरुस्त करणे हे तिचे काम आहे.

गावानेही आपल्याकडे पाहावे. ज्यांना परवडते त्यांची मुले पिवळ्या व्हॅनमधून इंग्रजी शाळेत जातात. त्यांना दोष देत नाही, प्रत्येकाला आपल्या लेकराची काळजी असते. पण ग्रामपंचायतीत बसणाऱ्यांची मुले गावच्या शाळेत नसली की शाळेचा विषय ग्रामसभेत शेवटी येतो आणि तोवर अर्धी माणसे उठून गेलेली असतात. आणि शिक्षकांसाठीही गावाने बोलले पाहिजे. कलम 27 प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक काम शिक्षकांना देता येत नाही. तरी ऑनलाइन माहिती भरण्यात आमच्या बाईंच्या किती तासिका जातात हे मुले घरी येऊन सांगतात. हे शिक्षकाने वर कळवले तर त्याची अडचण होते. समितीने ठराव करून कळवले तर होत नाही.

मार्च 2022 मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपून प्रशासक आले, तेव्हा गटातल्या सदस्याकडे जाऊन सांगण्याची वाटही बंद झाली होती. त्या काळात समितीची बैठक हीच आमच्या हातातली एकमेव जागा होती, म्हणून तिचे मोल मला जास्त वाटते.

आपल्या दैनिकामार्फत मुख्य कार्यकारी अधिकारी आणि प्राथमिक विभागाच्या शिक्षणाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. समितीच्या बैठकीची वेळ पालकांना विचारून ठरवावी. शाळा विकास आराखडा आणि वर्षाचा जमाखर्च शाळेच्या दर्शनी फलकावर लावावा. शाळा बंद करण्याचा किंवा दुसरीत मिसळण्याचा कोणताही प्रस्ताव ग्रामसभेच्या ठरावाशिवाय पुढे पाठवू नये. यासाठी जास्तीचा निधी लागत नाही. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिली बैठक होतेच, तिथून सुरुवात करता येईल. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागात मात्र एक बैठक दिवाळीच्या आधी, माणसे कामाला बाहेर पडण्यापूर्वी नक्की घ्यावी.

आपली,
एक पालक व शाळा व्यवस्थापन समिती सदस्य,
ता. दिंडोरी, जि. नाशिक